बाबांना पत्र: उलट्या अक्षराची मार्टिनी

लीड्स, इंग्लंड

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईने तुम्हाला माझ्या बंदुकीचे, म्हणजे वायव्य सरहद्दीवर हाताने घडवलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या नकलेचे, फोटो दाखवले आणि तुम्ही विचारलंत, "एवढे पैसे घालून नकली माल कशाला घेतला? घ्यायचीच तर अस्सल घ्यायची." फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईची काळजी. इथल्या कायद्याप्रमाणे १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेली आणि जिची काडतुसं आता वापरातून गेलीत अशा यादीतली बंदूक संग्रहाची किंवा शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते. मार्टिनी-हेन्रीचं काडतूस त्या यादीत आहे, नंतरच्या ब्रिटिश रायफलींचं .३०३ नाही. म्हणून .३०३ च्या सरहद्दी नकला कितीही मिळाल्या तरी मी घेत नाही. घरात एकही गोळी नाही, बंदुका कुलपात असतात आणि त्या उडवायचा प्रश्नच येत नाही. त्या पोलादाचा भरवसा कोणी द्यावा? आईला एवढं नक्की सांगा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश सैन्याने १८७१ साली घेतलेली रायफल. आतली यंत्रणा मार्टिनी नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या इंजिनियरची, नळी एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीची, आत गोळीला फिरकी देणारा सात खाचांचा पीळ. खालची तरफ पुढे ढकलली की मागच्या खिळीवर बसवलेला ठोकळा पुढच्या टोकाला झुकतो, काडतूस सरकवायचं, तरफ मागे घेतली की ठोकळा वर येऊन नळी बंद. बाहेर घोडा नाही. तुम्ही आयुष्यभर काडतुसांत काम केलंत म्हणून सांगतो: सुरुवातीची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असायची, आत ८५ ग्रेन काळी दारू आणि पुढे ४८० ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे एक गोळी जवळजवळ ३१ ग्रॅमची.

हे सगळं लंडनच्या उत्तरेला एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रांवर व्हायचं. १८५० च्या दशकात त्यांनी अमेरिकेहून यंत्रं आणली ती याचसाठी, की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. सैन्यासाठी एक मंजूर नमुना मोहोर लावून ठेवलेला असे आणि माल त्याच्याशी ताडून घेत. त्या नमुन्यांचा मोठा संग्रह २००५ पासून इथे लीड्सलाच, रॉयल आर्मरीजकडे आहे. त्यांच्या म्युझियममध्ये मी अस्सल मार्टिनी काचेआड पुष्कळ वेळा पाहिली. सुरेख आहे. पण ती पाहून तुमच्यासारख्या फिटरला विचारावं असं काही सुचत नाही, कारण तिथे सगळं यंत्राने ठरवलेलं आहे.

माझी बंदूक दर्रा आदमखेल भागातली असावी. पेशावर आणि कोहाटच्या मधलं आदमखेल आफ्रिदींचं हे गाव. इथले संग्राहक या सगळ्यांना सरसकट खैबरच्या नकला म्हणतात, पण दर्रा कोहाटच्या खिंडीत आहे, खैबर वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे घराघरांत बंदुका घडू लागल्या. पेशावर-कोहाट रस्ता सुरक्षित राहावा म्हणून इंग्रजांनी या धंद्याकडे बराच काणाडोळा केला. लोखंड कुठलं? भंगार, रेल्वेचे रूळ, जे मिळेल ते. हत्यारं म्हणजे भट्टी, भाता, हाताने फिरवायचं ड्रिल आणि कानस. मुख्यतः कानस.

फोटोत उजव्या बाजूचा छाप नीट बघा. मुकुट आहे, पण त्याच्या कमानी दोन्हीकडे सारख्या नाहीत. खाली व्हिक्टोरिया राणीची व्ही आणि आर ही अक्षरं. मग एन्फिल्ड, त्यातला एन आरशात पाहिल्यासारखा उलटा. आणि खाली सन १९०८! राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, १९०८ मध्ये गादीवर सातवा एडवर्ड होता आणि मार्टिनी-हेन्री तर एन्फिल्डने त्याच्या कितीतरी आधी बनवायची थांबवली होती. ज्या कारागिराला इंग्रजी वाचता येत नव्हतं त्याने समोरच्या बंदुकीवर जे दिसलं ते छिन्नीने उतरवलं. त्याच्या लेखी तो मजकूर नव्हता, मालाचाच एक भाग होता. छाप नसेल तर गिऱ्हाईक घेणार नाही.

आता खरं काम. स्क्रू काढून पाहिले, एकाचे आटे दुसऱ्याशी जुळत नाहीत. प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकासाठी केलेला. ठोकळ्याच्या खालच्या अंगावर कानशीच्या रेघा अजून दिसतात, आणि जिथे तो नळीला टेकतो तिथे मात्र इतका सफाईदार घासलाय की कागद सरकत नाही. कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही हे त्या माणसाला पक्कं कळत होतं. नळीत पीळ आहे, सात खाचा आहेत, पण मोजून समान नाहीत. तुम्ही सांगा, लेथशिवाय, गेजशिवाय, जमिनीवर बसून हे करणारा माणूस नकली कसा?

यावर तुम्ही म्हणाल की हीच बंदूक माणसं मारायला होती. होतीच. वैरात, टोळ्यांच्या लढायांत, गोऱ्या आणि हिंदी शिपायांवरही ती चालली असेल. ते मी विसरत नाही. पण ती का घडली याचं कारण आपल्या बाजूनेही बघायला हवं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना मुद्दाम एक पिढी जुनी शस्त्रं दिली. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत, अफगाण शहजादा आयूबखानासमोर, गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या आणि मुंबईच्या ग्रेनेडियर्सकडे जुन्या स्नायडर. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची तुकडीही त्या मैदानावर होती. इंग्रजांच्या बाजूची सुमारे साडेनऊशे माणसं गेली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशातल्या माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला होता. जे हत्यार सरकारने स्वतःच्या हिंदी शिपायाला दिलं नाही, ते सरहद्दीवरच्या लोहाराने चोरीच्या एका नमुन्यावरून स्वतः घडवलं. मला यात कारागिराची जिद्द दिसते, आणि ती जपून ठेवावीशी वाटते.

सगळ्याच नकला मात्र सारख्या नाहीत. २००१ नंतर अफगाणिस्तानात परदेशी सैन्य आलं आणि तिथल्या बाजारात सैनिकांना आठवण म्हणून विकायला नवीन 'जुन्या' बंदुका बनू लागल्या. लाकूड काळं केलेलं, ठिकठिकाणी पितळेचे खिळे, शिंपल्यांचे तुकडे, आणि नळीत पीळच नाही. कुंद्याला झीज असते ती भलत्याच जागी, जिथे हात किंवा गाल कधी टेकत नाही. त्या मी घेत नाही, आणि सन १९३९ च्या नंतरचा माल कायद्यातही बसत नाही. छापावरचा सन तर काहीच सिद्ध करत नाही, हे तुम्ही बघितलंतच. माझी बंदूक ज्या घरातून आली तिथले एक आजोबा १९२० च्या दशकात कोहाटला नेमणुकीवर होते, आणि त्यांच्या सामानाच्या जुन्या यादीत तिचा उल्लेख आहे. तो कागद पाहिल्यावरच मी पैसे दिले.

आणखी एक. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात .३०३ च्या निकामी केलेल्या पुंगळ्या मिळतात. एका डब्यात बुडावर 'के एफ' छाप असलेली सापडली, म्हणजे तुमच्या खडकीच्या कारखान्याची. माझ्या टेबलावर ठेवली आहे. अक्षरं इतकी स्वच्छ उठलीत की हात फिरवला की कळतात.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. ताईच्या फोनवर ठोकळ्याचे आणि तरफेच्या खिळीचे जवळून काढलेले फोटो पाठवतोय. ठोकळ्याच्या तोंडाला वेगळं पाणी दिलंय का, की सगळा एकाच तापात काढलाय, हे रंगावरून तुम्हाला सांगता येईल का? मला कड निळसर वाटते, पण ते जुन्या तेलाचंही असू शकेल. आणि खाचांचा पीळ हाताने पाडायचा तर लाकडाच्या दंडगोलावर आधी वळणदार चर कोरून त्याच्या आधाराने कटर ओढतात, असं इथल्या एका जुन्या बंदूक कारागिराने सांगितलं. तुमच्या काळातल्या कोणा उस्तादाने असं काही केलेलं पाहिलंत का? पाटलांना विचारा, ते टूलरूमला होते.

उन्हाळ्यात तुम्ही दोघं येणार आहात तेव्हा म्युझियमला एक पूर्ण दिवस काढू. तिकीट लागत नाही. आईला नमस्कार, ताईला आणि पिंटूला आशीर्वाद. गुडघ्याचं तेल वेळेवर लावत जा.

तुमचा,
प्रसाद