सूचना : शिष्यवृत्तीचे अर्ज, रविवारी सभागृहात या

सर्व सभासद पालक आणि कॉलेजला जाणारी मुलं-मुली,

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येत्या रविवारी सकाळी १० ते १ मंडळाच्या सभागृहात बसणार आहोत. शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्याआधी हे बघा. शिष्यवृत्तीचे पैसे परत करायचे नसतात.

खुल्या गटातल्यांनीही यावे. "आपल्याला काय मिळणार" म्हणून बरेच जण येतच नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ती मिळते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. हॉस्टेलला राहणाऱ्यांनी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचेही विचारावे.

सोबत आणा :
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (पगाराची स्लिप चालत नाही)
- डोमिसाईल, लागू असल्यास जातीचा दाखला
- मार्कशीट, कॅपचे अलॉटमेंट लेटर, फीची पावती
- आधार कार्ड आणि ओटीपी येतो तो मोबाईल

खाते आधारला जोडलेले आहे का, ते शनिवारपर्यंत बँकेत विचारून ठेवा. अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बहुतेक इथेच. दोन-तीन खाती असतील तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते.

मागच्या वर्षी मिळाली त्यांनीही नूतनीकरण करायचे आहे, ते आपोआप होत नाही. आणि अर्ज भरून झाला की कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्ककडे पाठपुरावा ज्याचा त्यानेच करायचा. पासवर्ड ग्रुपवर टाकू नका.

– सचिव