मळीत यंदा आडसाली नको

ती. आण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

नदीकाठच्या मळीच्या रानात सरी सोडून झाली आणि आता जुलैत लावायच्या आडसाली उसाचं बेणं बघताय, असं आईकडून कळलं. आण्णा, फोनवर तुम्ही नुसतं ‘बघू’ म्हणता, म्हणून लिहितेय.

यंदा मळीत आडसाली नको. जुलैत लावलेला ऊस जुलै-ऑगस्टात नुसता कोंबात असतो आणि पूर नेमका तेव्हाच येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तगतो, शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला की कुजतो, हे तुम्हीच मला बांधावर उभं करून दाखवलंय. मग मळीत आत्ता हिरवळीच्या खताचा धैंचा टाका. तो पाण्यातही तग धरतो, नंतर गाडला की खत. पाणी ओसरून वाफसा आला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी ऊस लावा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऊस डोक्याच्या वर जाईल. टनेज आडसालीएवढं पडणार नाही, मान्य. पण लावण बुडाली तर हातात काय राहतं? सोयाबीन-भाताला पीक विमा आहे, उसाला तोही नाही.

आडसाली माळाच्या रानात करा, ठिबकवर. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ठिबकच्या अनुदानाचा अर्ज मी इथून भरते, वरचे पैसेही मी घालते. लेकीचे पैसे नकोत, असं यावेळी म्हणू नका. त्याच रानाच्या उसावर माझं शिक्षण झालंय.

आणि नदीवरची मोटर. पाणी चढायला लागलं की तुम्ही रात्री-अपरात्री काठावर उतरता, तेव्हा मला इथं झोप लागत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं की त्याच दिवशी, उजेडात, भावकीतल्या पोरांना घेऊन मोटर वर काढा. पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं तुंबतं का, यावर चावडीत वाद चालू दे. मोटर आधी वर पाहिजे.

आई, म्हशी सोडून निघायचं नाही, हे तुझं मला पटतं. म्हणून त्याच आधी मामाच्या गोठ्यात पोचव, पाणी गल्लीत यायच्या आत. मी मामाशी बोललेय, वैरणीची सोय तो करतोय.

सातबारा आणि आठ-अचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, म्हणजे अर्ज भरायला घेते.

तुमची,
ताई