“ताई मोजतायत, गाडी थांबेल”

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन गावी निघालात, त्या दिवशी गेटवर सगळ्यांसमोर मला दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र मुद्दाम चारचौघांनी वाचावे असे लिहीत आहे. गोदामात काम करणाऱ्या बायकांनाही हिशोब शिकवता येतो, नव्हे शिकवलाच पाहिजे, असे मानणारा माणूस आमच्या वाळूजला होता, हे लोकांना कळायला हवे.

याआधी मी ज्या गोदामात होते, तिथे खोक्यांवर स्टिकर लावणे आणि झाडलोट करणे एवढेच आमच्या वाट्याला येत असे. एका खोक्यात किती नग आहेत, असे विचारले तरी “तुम्हाला काय करायचंय, तुम्ही उचला” हे उत्तर ठरलेले. शाळेतही फार वेगळे नव्हते. भागाकारात बाकी उरली की ती बाजूला लिहायची आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. ती उरलेली संख्या कशाची, हे दहावीपर्यंत कोणी सांगितले नाही. तुमच्या हाताखाली आले तेव्हा समजले, की दुकानदाराने १,००० पाकिटे मागवली आणि एका खोक्यात २४ मावत असतील, तर ४१ खोकी पूर्ण भरतात आणि १६ पाकिटे सुटी राहतात. त्या १६ पाकिटांना वेगळे खोके लागते, गाडीत जागा लागते, आणि ती विसरली तर दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन येतो.

पॅलेटची, म्हणजे ज्या सपाट चौकटीवर खोकी रचून माल हलवतात तिची, रचना तर मी आजही डोळे मिटून सांगू शकते. १२० बाय १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर ४० बाय ३० ची खोकी सगळी एकाच दिशेने लावली, तर आडवी नऊ बसतात आणि उभी आठच. क्षेत्रफळाचा हिशोब मात्र दहा सांगतो. तुम्ही उत्तर न देता माझ्या हातात मोजपट्टी आणि खडू दिलात. जमिनीवर चौकट आखून मी बराच वेळ रेघा ओढत बसले, तेव्हा जमले: तीन-तीन खोक्यांच्या दोन आडव्या रांगा आणि शेवटी चार खोक्यांची एक उभी रांग. ३०, ३० आणि ४० मिळून बरोबर १०० होतात, कुठे बोटभर जागा उरत नाही. मग तुम्ही पुढचे सांगितलेत, की हलका माल असेल तर गवंडी वीटकामात सांधा मोडतो तसा वरचा थर फिरवून लावायचा, म्हणजे रास ढळत नाही. पण जड माल कोपऱ्यावर कोपरा ठेवूनच रचायचा, कारण पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते.

हे सगळे मोलाचे आहेच, पण मला रडू येते ते त्या संध्याकाळच्या आठवणीने. नांदेडची गाडी दारात लागली होती. जालना आणि परभणी करत ती शेवटी नांदेडला पोहोचणार, म्हणून नांदेडचा माल सर्वांत आधी आत जायला हवा होता, आणि नेमकी त्याच मालाची मोजणी संगणकातल्या आकड्याशी जुळत नव्हती. पत्र्याची शेड दिवसभराच्या उन्हाने तापलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, आणि मागून कोणीतरी म्हणाले, “लिहा काहीतरी आकडा आणि सोडा.” याआधीच्या ठिकाणी कोणीही माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली असती. तुम्ही डॉकच्या, म्हणजे गाडीत माल चढवायच्या ओट्याच्या, तोंडाशी जाऊन उभे राहिलात आणि शांतपणे एवढेच म्हणालात, “ताई मोजतायत. त्यांचं झालं की गाडी सुटेल.” हॉर्न थांबला. मी मोजले, आणि कमी भरत असलेला माल खांबामागच्या दुसऱ्या रांगेत निघाला.

काका, तुमच्यासाठी ते एक साधे वाक्य असेल. माझ्या मोजण्यावर एक भरलेली गाडी थांबू शकते, हे मला त्याआधी कोणी जाणवू दिले नव्हते. अधिकार असलेली माणसे पुष्कळ पाहिली. समोरच्याला पुरेसा वेळ देण्यासाठी तो अधिकार वापरणारी फार थोडी पाहिली. अशी माणसे आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांचा गवगवाही होत नाही, आणि आपल्याकडे भल्या माणसाचे कौतुक बहुधा तो निघून गेल्यावरच होते, याची मला मनापासून खंत वाटते.

आता दुसऱ्या पाळीची मोजणी माझ्याकडे आहे. मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढायचा, हा तुमचा नियम मी कोणालाही मोडू देत नाही. दिवाळीच्या आधी मालाची गर्दी वाढेल, तरीही रविवारी सुट्टी असते. वाळूजकडे येणे झाले तर काकूंना घेऊन आमच्याकडे जेवायलाच या, असे यजमानांनीही आवर्जून लिहायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
मोजणीच्या टेबलावरची ताई