फादर, त्या एका शब्दासाठी आभार

प्रिय फादर फ्रान्सिस दिब्रिटो,

तुमची माझी कधी ओळख झाली नाही. तुम्हाला एकदाच पाहिलं, तेही उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या मंडपात मागच्या रांगेतून. हे पत्र तुमच्या हयातीत लिहायला हवं होतं. ते राहून गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात मी श्रीरामपुरात बातमीदारी करत होतो. सणवार, जत्रा, उरूस, सप्ताह या बातम्या माझ्याकडे असत. त्यांचा एक साचा ठरलेला होता. तारीख बदलायची, सणाचं नाव बदलायचं आणि शेवटी ‘उत्साहात साजरा’. एका वर्षी त्याच साच्यातून मी मथळा दिला, ‘गुड फ्रायडे उत्साहात साजरा’. छापून आला. कार्यालयात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. पिशवीतून त्यांनी कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं. ‘उत्साहात’ या शब्दाभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केला होता, वहीत करतात तसा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बाळा, त्या दिवशी आमच्या देवळात घंटासुद्धा वाजत नाही. लाकडी खटखटा वाजवतात. वेदीवरचं कापडही काढून ठेवतात. घरातलं माणूस गेल्यावर घर कसं होतं, तसं असतं ते.” मग त्याच पिशवीतून त्यांनी ‘सुवार्ता’चे सात-आठ जुने अंक काढले. “हे वाच. वसईचे आमचे फादर चालवतात. परत नाही दिलेस तरी चालेल.”

ते अंक मी परत दिले नाहीत. अजून माझ्याकडे आहेत.

धर्माचं मासिक म्हटल्यावर आत प्रवचनं असतील अशी माझी समजूत होती. वाचायला घेतलं तर धर्म होताच, पण त्याच्या शेजारी गावच्या विहिरी होत्या, जमिनी होत्या, बदलणारी वसई होती. 1983 पासून 2007 पर्यंत तुम्ही ते मासिक सांभाळलंत आणि कॅथलिक घरांच्या उंबऱ्याबाहेर नेलंत. वाडीतलं पाणी उपसलं जाऊ लागलं, जमिनींवर इमारती उठू लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीसोबत तुम्ही रस्त्यावर आलात. धर्मगुरूने यात पडावं का, असं तेव्हा आमच्याकडेही काही जण विचारायचे. मला तो प्रश्नच पटला नाही. ज्या शेतकऱ्याची बागायत सुकते आहे, त्याच्यासाठी रविवारी नुसती प्रार्थना करून धर्मगुरूचं भागत असेल, तर आमच्यासारख्यांनी त्याची बातमी तरी का करावी?

तुम्ही खूप फिरलात. युरोप पाहिलात, इस्रायल-पॅलेस्टाईनला गेलात. ख्रिस्तभूमीवर लिहिणारे बहुतेक जण तीर्थयात्रेचं लिहितात: बेथलेहेम, गालील, यरुशलेम, आणि डोळे पाणावले. तुम्ही तिथे थांबला नाहीत. त्या भूमीवरचा आजचा संघर्ष समजून घेतलात, ज्यूंचं दुःख आणि पॅलेस्टिनींचं दुःख एकाच पुस्तकात मांडलंत. परक्या देशात गेलेला श्रद्धाळू माणूस आधी आपल्या श्रद्धेच्या खुणा शोधतो, ते साहजिक आहे. खुणा सापडल्यावर तिथल्या माणसांकडेही बघायचं, हे मी तुमच्याकडून शिकलो.

मी काही तुमच्यासारखा देशोदेशी गेलो नाही. माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे श्रीरामपूरहून हरेगावपर्यंतचा! दर सप्टेंबरला तिथे मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची यात्रा भरते. आधीची काही वर्षं मी ती बातमी प्रेसनोटवरून लिहायचो, ‘ख्रिस्ती बांधवांची अलोट गर्दी’. तुमचे अंक वाचल्यानंतरच्या वर्षी सकाळीच जाऊन बसलो, संध्याकाळपर्यंत उठलो नाही. रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात नातवाचा हात. नवस फेडायला आली होती. मी विचारलं, “तुम्ही ख्रिस्ती का?” ती म्हणाली, “नाय बा. पण आई हाये ना ती.” ते एक वाक्य मी बातमीत जसंच्या तसं घातलं. माझ्या सगळ्या नोकरीत त्याहून खरी बातमी मी लिहिली असेल, असं मला वाटत नाही.

मोहरम आला की मी आधी पीरसाहेबांच्या मुजावरांना विचारायला जाऊ लागलो. जैन मंदिरात पर्युषणाच्या वेळी जाऊ लागलो. बौद्धवाड्यातल्या कार्यक्रमाला ‘पूजा’ म्हणायचं की ‘वंदना’, हे तिथल्याच माणसाला विचारून लिहू लागलो. ज्याचा सण, त्याचाच शब्द. हे कुणी मला कार्यालयात शिकवलं नव्हतं.

तुमची मराठी हा तर वेगळाच विषय आहे. ख्रिस्ती मजकूर म्हटलं की जरा परकी, अवघडलेली भाषा कानावर यायची. तुम्ही ‘सुबोध बायबल’ केलंत, साहित्य अकादमीने 2013 साली त्याचा गौरव केला, आणि आमच्या घरात आईने ते ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. जागा तीच योग्य वाटली तिला.

मग 2020 चा जानेवारी. त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे तुम्ही अध्यक्ष झालात, संमेलनाच्या इतिहासातले पहिले ख्रिस्ती अध्यक्ष, आणि निवड झाल्या दिवसापासून विरोध सुरू झाला. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या लोकांना धमक्यांचे फोन आले. उद्घाटक कवी ना. धों. महानोरांनाही येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. पाठीच्या दुखण्याने तुम्ही बेजार होतात. तरी तुम्ही आलात, महानोरही आले. मंडपाबाहेर बंदोबस्त होता आणि आत तुम्ही बोलत होतात. मी मागे उभा होतो. ज्या माणसाच्या मराठीमुळे माझी मराठी सुधारली, त्याने मराठीच्या व्यासपीठावर यावं की नाही यावर वाद झाला, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

25 जुलै 2024 ला तुम्ही गेल्याचं कळलं. मी आता निवृत्त आहे. डेस्कवरच्या एका मुलाने फोन केला. “सर, ‘अनंतात विलीन’ लिहू की ‘पंचत्वात विलीन’?”

मी म्हटलं, “दफन व्हायचंय त्यांचं. दोन्ही नको.”

“मग?”

“देवाघरी गेले, असं लिही.”

“बातमीत चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं.

तुमचा,
श्रीरामपूरचा एक वाचक