पिंपातली बिअर आणि तुरट सफरचंदं

केंब्रिज, मे अखेर

ती. मामा आणि सौ. मामी यांना सा. न.

मामा, फोनवर तुम्ही विचारलंत, "बिअरच्या जत्रेत तू फुकट राबतेस ते कशासाठी?" उत्तर देणार तेवढ्यात मामींनी फोन घेतला आणि विषय आंब्यांवर गेला. म्हणून लिहितेय. तुम्ही वाइनची द्राक्षं लावलेला माणूस, तुम्हाला यातलं नव्वद टक्के न सांगताही कळेल.

इथे नदीकाठी जीझस ग्रीन नावाचं मैदान आहे. मे महिन्यात तिथे भलेमोठे तंबू लागतात आणि पाचेक दिवस जत्रा चालते. 1974 पासूनची परंपरा आहे. चालवते ती 'कॅमरा' नावाची ग्राहकांची संघटना. 1971 साली आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी ती काढली, कारण मोठ्या कंपन्यांनी तेव्हा गाळलेली, यीस्ट मारलेली आणि वरून गॅस भरलेली बिअर गावोगावच्या पबांत लावायचा सपाटा लावला होता. पिंपात जिवंत राहणारी बिअर संपते की काय अशी वेळ आली होती. जत्रेत तंबू ठोकण्यापासून ग्लास विसळण्यापर्यंत सगळे माझ्यासारखे बिनपगारी. जेवण आणि थोडी बिअर मिळते, एवढंच.

जिवंत म्हणजे काय, तर कारखान्यात आंबवण पुरतं संपायच्या आत बिअर पिंपात भरतात. यीस्ट आत असतंच, ते पिंपातही काम करत राहतं आणि जो काय फसफसाट येतो तो त्याचाच. बाहेरून गॅस नाही. म्हणजे कारखान्यातून गाडी निघाली तरी माल तयार झालेला नसतो. उरलेलं काम जिथे पिंप उघडायचं तिथे होतं, आणि ते बिघडवणं फार सोपं आहे.

बहुतेक पिंपं 9 गॅलनची, म्हणजे 72 पाइंट किंवा साधारण 41 लिटरची. जत्रेच्या काही दिवस आधी ती आली की लोखंडी मांडणीवर आडवी निजवायची, खाली पाचरी मारायच्या आणि त्यानंतर हात लावायचा नाही. आमच्या ओळीचे प्रमुख एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पहिलं पिंप फोडलं तेव्हा मी शेजारी फडकं घेऊन उभी. पिंपाच्या पोटावर जे बूच असतं, त्यात त्यांनी वेताची मऊ खुंटी हातोडीने ठोकली. वेताच्या रंध्रांतून आधी फुस्स झालं, मग तपकिरी फेस बुडबुडत वर आला. त्यांनी तो पुसला, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पुसला. फेस यायचा वेग मंदावला म्हणजे आतलं यीस्ट शांत होत आलं. मग मऊ खुंटी काढून कडक लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला गॅस आत राहतो. पुढच्या बाजूला खाली दुसरं बूच असतं, त्यात तोटी एका दणक्यात बसली पाहिजे. दोन दणके लागले की समोरच्याची आंघोळ.

त्यानंतर दिवस-दोन दिवस थांबायचं. गाळ पिंपाच्या पोटात बसतो आणि वरची बिअर नितळ होते. गाळ लवकर बसावा म्हणून बरेच कारखाने माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक पदार्थ घालतात. (आजी माळकरी, तिच्यापुढे हे वाक्य गाळून वाचा.) हल्ली तो न घालणारेही पुष्कळ आहेत. त्यांची बिअर जरा गढूळ दिसते, चवीत मला काही उणं वाटलं नाही. तापमान 11 ते 13 अंश लागतं. मे महिन्यातलं ऊन तंबूवर पडलं की ते राखणं म्हणजे खरी परीक्षा. पिंपांवर थंड पाण्याच्या नळ्या आणि वर जाड आवरणं घालून ते सांभाळतात. इंग्रजांची बिअर कोमट असते असं आपल्याकडे हसून सांगतात, ते खरं नाही. ती विहिरीच्या पाण्याइतकी गार असते आणि म्हणूनच चव लागते. एकदा सुरू केलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं, कारण बिअर जाते तशी आत हवा शिरते.

आता माल. मला सगळ्यात आवडली ती माइल्ड. गडद रंगाची, भाजलेल्या धान्याच्या वासाची, कडूपणा बेताचा आणि अल्कोहोल जेमतेम साडेतीन टक्के. एके काळी कामगारांची रोजची बिअर, आता शोधावी लागते. जवळच्या विसबेचमध्ये एल्गुड्स नावाचा 1795 पासूनचा कारखाना आहे, त्यांची 'ब्लॅक डॉग' याच जातीची. तरुण पोरं मात्र फिक्या सोनेरी बिअरच्या मागे. त्यातल्या काहींत अमेरिकेतले सिट्रा जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) असतात आणि ग्लास नाकाशी नेला की थेट पपनसाच्या सालीचा वास येतो. ग्लासभर घ्यायची सक्ती नाही, पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे 189 मिली, मिळतो. शहाणी माणसं तेवढाच घेत फिरतात.

'इंडिया पेल एल' नावाच्या बिअरबद्दल तुम्ही मागे विचारलं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसन नावाच्या कारखानदाराची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आपल्याकडे, मुंबई-मद्रास-कलकत्त्याला, यायची. 1820च्या दशकात बर्टन गावचे ऑलसॉप आणि बास हे कारखानदार त्यात उतरले आणि हॉजसन मागे पडला. भारतासाठी मुद्दाम नवी बिअर शोधली ही मात्र वाढवून सांगितलेली गोष्ट. गरम देशांत पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत हे त्याआधीही माहीत होतं.

खरं तर तुम्हाला न्यायला हवं ते सायडरच्या तंबूत. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली. पश्चिम इंग्लंडातल्या सॉमरसेट आणि हेरफर्डशरकडे त्यासाठी वेगळी झाडं असतात: किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल. मी किंग्स्टन ब्लॅकच्या सायडरचा एक घोट घेतला आणि जिभेवर तुरटपणा चढला. तुमच्या शिराझ द्राक्षांच्या सालीचा तसाच चढतो. थॉमसनची द्राक्षं खाणाऱ्याने शिराझचा मणी तोंडात टाकला तर थुंकेल, आणि वाइन मात्र त्याचीच होते. इथेही हाच न्याय. आमच्या पूर्वेकडच्या सफोक-नॉरफकमध्ये मात्र खायच्या आणि स्वयंपाकाच्या सफरचंदांचीच सायडर करतात. ती हलकी आणि आंबट. लोकं नावाजतात, मला पश्चिमेकडचीच पसंत. आणखी एक, ऐकून तुम्ही चिडाल: कायद्याने सायडरमध्ये रस फक्त 35 टक्के असला तरी चालतो! बाकी पाणी, साखर वगैरे. जत्रेत तसला माल येऊ देत नाहीत. ताज्या फळांचा पूर्ण रस, तोही आटवून साठवलेला नाही.

पेअरची, म्हणजे नासपतीची, होते ती पेरी. तिची झाडं दोनशे-तीनशे वर्षं जगतात, त्यामुळे लावणारा नातवंडांसाठीच लावतो. पेअरमधला सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा गोड पदार्थ यीस्टला पचत नाही. तो आपल्यालाही फारसा पचत नाही, आणि तिसऱ्या ग्लासनंतर माणूस तंबूमागच्या रांगेत दिसतो. गोडवा अलवार असतो पण. मामी, तुम्हाला आवडेल.

तर माझं म्हणणं असं, की तुम्ही यायचंच असेल तर मेमध्ये जत्रेला नको. ऑक्टोबरमध्ये या. तेव्हा सफरचंदं झाडांखाली पडलेली असतात, गिरणीतून लगदा होतो, फडक्यात थर घालून दाबतात आणि रस पिंपात जातो. काही ठिकाणी वरून यीस्टही घालत नाहीत, फळावरचं आणि हवेतलं असतं त्यावर सोडून देतात. तुमच्या वाइनरीवाल्यांना ते सांगितलं तर घाम फुटेल.

खरड छाटणी उरकली का? पाणी पुरतंय का? व्हिसासाठी सातबारा आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून ठेवा, निमंत्रणाचं पत्र मी पुढच्या आठवड्यात पाठवते. आजीला नमस्कार, दादाला आशीर्वाद नाही, शिव्या. फोन उचलत नाही तो.

तुमची भाची,
मनू