हिमालयनवाल्या काकांना, एका केटीएमवालीकडून

काका, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे गं, त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसाचा विषय काढता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे मला मध्येच तोडता यायचं नाही.

मोटरसायकल आली. केटीएम ३९० ॲडव्हेंचर.

तुम्ही स्वतः रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० चालवता. दुसरा कुणी असता तर "डोळे मिटून आमचीच घे" म्हणाला असता. नाशिकात या दोन गाड्यांचे जवळजवळ दोन पक्षच झालेत, आणि कुठल्याही चहाच्या टपरीवर त्यांचं एकमत होत नाही. तुम्ही मात्र भाच्याची केटीएम मागून आणलीत आणि दोन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्यात.

आकडे मला तोंडपाठ होते. हिमालयन ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएस ताकद, १९६ किलो, १७ लिटरची टाकी. केटीएम ३९९ सीसी, ४६ पीएस, १८३ किलो, साडेचौदा लिटर. सीटची उंची एकीची ८२५ मिलिमीटर, दुसरीची ८३०. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "पोरी, आडवी पडली तर एकटीला उचलता येईल का?" शोरूममध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. तिथे सरळ रस्त्यावर एक चक्कर मारायला दिली आणि थेट कर्जाचा फॉर्म पुढे केला.

गंगापूर धरणाच्या बाजूला, जुन्या गोधड्या अंथरून, तुम्ही स्वतःची गाडी उजव्या कुशीवर निजवलीत ते मी विसरणार नाही. एवढ्या जिवापाड जपलेल्या गाडीला असं कोण झोपवतं! आधी साइड स्टँड बाहेर काढायचा, म्हणजे उठल्यावर ती पलीकडे कलंडत नाही. गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे घसरत नाही. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करून बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या कॅरिअरला. मग कमरेतून नाही, पायांतून जोर लावत बारीक पावलांनी मागे सरकायचं. हिमालयन निम्म्यावर आली आणि परत बसली. केटीएम धापा टाकत का होईना, पण उठली. तेरा किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. घरच्या सिलिंडरात जेवढा गॅस असतो जवळपास तेवढं वजन आहे ते, हे पाठीला कळलं.

माझं काम द्राक्षबागांमधलं. दिंडोरी, पिंपळगाव, आत शिवारात. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी आडवी झाली तर हाक मारायला माणूस असतोच असं नाही. निर्णय खरं तर तिथेच झाला होता.

तरी तुम्ही पेठ रोडला सावळघाटात नेलंतच. तिथे तुमच्या गाडीचं मोठेपण दिसलं. तिचा ४० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, साडेपाच हजार आरपीएमलाच (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) पूर्ण मिळतो, त्यामुळे ट्रकच्या मागे रखडतानाही ती कुरकुरत नाही. केटीएमला मात्र गिअर वेळेवर खाली टाकावा लागतो. एसटीच्या स्टिअरिंगवर आयुष्य काढलेल्या माणसाकडून "ज्या गिअरमध्ये चढतेस त्याच गिअरमध्ये उतर" हे ऐकणं वेगळं, पाठोपाठ तुमचा ब्रेक लाइट न लागता तुम्ही वळण उतरताना बघणं वेगळं. माझे पाय पूर्ण टेकत नाहीत, त्यावरही तुमचा तोडगा साधा होता: थांबायची जागा आधीच हेरायची, रस्ता ज्या बाजूला उंच असेल तोच पाय टेकायचा, बूड थोडं त्या बाजूला सरकवायचं. हजारो रुपये खर्चून गाडी खाली बसवून घेण्यापेक्षा हे बरं.

लडाखला सामान बांधून जायचं असतं, तर मीही १७ लिटरवालीच घेतली असती. लिटरला तीस धरलं तरी अडीच लिटरचे ७५ किलोमीटर होतात, आणि तिकडे ते सोन्याच्या मोलाचे. इकडे पंप हाकेच्या अंतरावर आहेत. केटीएमच्या क्रूझ कंट्रोलचं, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या सोयीचं, मात्र मला फार कौतुक नाही. समृद्धीवर दुचाकींना बंदी, आणि मुंबई-आग्रा रोडला ते लावून निवांत बसण्याइतकी मोकळीक असते कधी?

भाच्यालाही माझे आभार सांगा. नव्या कोऱ्या गाडीवर अनोळखी बाईला घाटात सोडायला काळीज लागतं. काकूंना सांगा, गोड्या छाटणीची धावपळ उरकली की येते. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, अजून कंपनीने दिला तसाच आहे, तो तुमच्यासमोरच कमी करून बघायचाय. येताना बागेतली माती चाकांना असेल, अंगणात पाण्याची नळी काढून ठेवा.

तुमची,
दिंडोरी रोडवाली