कार्डिफला, चि. मुक्तास

सांगली,
रविवार रात्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन तू ठेवलास की लाइन तुटली, ते कळलं नाही. बाबा म्हणाले, नेटवर्क गेलं असेल. मी त्यावर काही बोलले नाही. नव्या भागांसाठी पुन्हा तुलाच बोलावलंय हे तू केवढ्या उत्साहाने सांगत होतीस, आणि मी विचारलं, "किती महिन्यांचं?" त्यानंतर तुझा आवाज बसला तो बसलाच. म्हणून लिहायला घेतलं. फोनवर माझं बोलणं तोडून टाकल्यासारखं होतं, तुला माहीत आहे. वॉर्डात रिपोर्ट लिहून लिहून सवय झाली आहे, हातात पेन असलं की डोकं जाग्यावर राहतं.

पहिलं म्हणजे अभिनंदन. बाबांनी शेजारी, बँकेत आणि सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर सांगून झालंय. "आमची मुक्ता बीबीसीच्या 'कॅज्युअल्टी'त रंगभूषा करते," असं म्हणताना त्यांची मान बघायला हवी होतीस. कुणी विचारलंच, की म्हणजे काय करते, तर मी सांगते: जखमा करते.

मी तिकडे होते तेव्हा शनिवारी संध्याकाळी आपण दोघी तुझ्या खोलीत ती दवाखान्याची मालिका बघायचो. एकदा एका पोराचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला दाखवला, आणि मी बसल्या जागी पुढे सरकले. काठाला कातडी गोळा झालेली, आत खडी रुतलेली. रक्तही सगळीकडे सारखं नाही, खोल होतं तिथे साकळलेलं आणि बाकी ठिकाणी नुसतं पाझरलेलं. मोटारसायकलवरून घसरलेल्या माणसाचा हात असाच येतो. मी म्हटलं, हे ज्याने केलंय त्याने खरं बघितलेलं आहे. तू म्हणालीस, "आई, 'आधी खडी बघ' हे तूच सांगितलं होतंस." मुक्ता, माझी उभी नोकरी जखमा धुण्यात गेली. त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते तुला तेव्हा सांगता आलं नाही, आताही नीट येत नाहीये.

त्या मालिकेत मला सगळ्यात काय आवडतं सांगू? मधोमध नर्स आहे. आपल्याकडच्या मालिकांत सिस्टर म्हणजे ट्रे घेऊन आत येणारी आणि "डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय" एवढं म्हणून बाहेर जाणारी. इथे तो चार्ली फेअरहेड. शिफ्ट तो सांभाळतो, नातेवाइकांना बाजूला घेऊन वाईट बातमी तो सांगतो, नवा डॉक्टर गडबडला तर त्याला सावरतो. डेरेक थॉम्पसन हा नट 1986 च्या पहिल्या भागापासून मार्च 2024 पर्यंत तेच काम करत राहिला. ब्रिस्टलच्या एका खऱ्या नर्सवरून ते पात्र घडवलं आणि पुढे तोच त्यांचा सल्लागार झाला, हे तू सांगितलंस तेव्हा मला एकदम पटलं. बसून कल्पनेने लिहिलेला माणूस कपाटाची किल्ली असा खिशात चाचपत नाही. त्यातल्याच डफी नर्सला स्मृतिभ्रंश होतो ते भाग तू मला दाखवले नाहीस, नुसती गोष्ट सांगितलीस. माझ्या आईमुळे, ते मला समजलं होतं.

आणि ते सुरुवातीचं. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोघांनी बीबीसीला दिलेल्या कागदाची सुरुवातच अशी होती की 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचं स्वप्न जन्माला आलं, आणि 1985 मध्ये त्या स्वप्नाच्या चिंध्या झाल्या आहेत. दवाखान्याची मालिका म्हणजे गोरेगोमटे डॉक्टर आणि त्यांची प्रेमप्रकरणं असंच मी धरून चालले होते. ही माणसं रागावून बसली होती, आणि त्या रागातून त्यांनी रात्रपाळीची गोष्ट लिहिली. माणसं कमी, खाटा कमी, आणि दारात गाडी उभी. हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता तुला नको असलेलंच पुन्हा येतंय. मी ठरवलं होतं की नाही लिहायचं.

'हॉल्बी सिटी' याच मालिकेतून निघालेली. जानेवारी 1999 मध्ये सुरू झाली, हजारावर भाग झाले आणि मार्च 2022 मध्ये बंद. बर्मिंगहॅमची 'डॉक्टर्स', दुपारी लागायची ती, 2000 पासून चालली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये बंद. लोक बघत नव्हते असं नाही. खर्च वाढला, म्हणाले. इमारत बदलायची तर परवडणार नाही, म्हणाले. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई तिथूनच आलेली, हे तूच सांगितलंस. वीसेक वर्षं घरोघरी लागणाऱ्या गोष्टी जर एका बैठकीत बंद होतात, तर तुझी चाळिशीला आलेली का होणार नाही? आणि तुझं तर नुसतं काम नाही, व्हिसाही त्यावर टांगलेला. हा प्रश्न मला रात्री दोनला पडतो. रात्रपाळीमुळे दोनला जाग येते ती अजून गेलेली नाही.

बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, तिथून निघालेली माणसं कुठल्या कुठे गेली. ब्रेंडा फ्रिकर पहिल्या भागापासून नर्स मेगनचं काम करायची, तिला ऑस्कर मिळालं. केट विन्स्लेट 1993 मध्ये एका भागात होती, तिचं पुढे काय झालं जग जाणतं. खरं आहे. पण मुक्ता, ही नटमंडळी. चेहरा ज्यांचा दिसतो ते पुढे जातात. तो चेहरा रंगवणाऱ्याला दुसरीकडे कोण ओळखतं?

हे मी कुठून बोलते ते तुला ठाऊक आहे. नाना नाटक कंपनीच्या रंगपटात होते. कंपनीचं नाव नको, त्यांनीही कधी घेतलं नाही. मी लहान होते. ऐन हंगामात एका पहाटे ते ट्रंक घेऊन दारात उभे. आई काही विचारेना, ते काही सांगेनात. कंपनी बुडाली होती आणि पगार तर त्याच्या आधीच थांबलेला. ट्रंकेत सफेदा, पिवडी, हिंगूळ यांच्या पुड्या, दाढीमिशांचे केस आणि खोबरेल तेलाची बाटली. पुढे ते कापडाच्या दुकानात कापड मोजायला उभे राहिले. गोकुळाष्टमीला गल्लीतली पोरं यायची, "नाना, कृष्ण करा," म्हणून. तेवढ्यापुरती ट्रंक उघडायची. पोराच्या हनुवटीला दोन बोटांनी धरून ते भुवई ओढायचे, तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. तू कोपरावर जखम बसवताना माझ्याशी बोलायची थांबलीस ना, अगदी तसंच. त्यांचा हात तुझ्यात आलाय. म्हणून मला अभिमान वाटतो आणि म्हणूनच भीती वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला मी काय करू?

2017 मध्ये त्यांनी एक अख्खा भाग एका दमात, मध्ये एकही कट न घेता चित्रित केला, ते तू सांगितलंस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नानाच आले. रक्त वाहून गेलं किंवा कड सुटली तरी पुन्हा हात लावायला जागा नाही. नाटकात रोज असंच असतं. एरवी तुमचं काम उलटसुलट चालतं: शेवटचा प्रसंग आधी, पहिला चार दिवसांनी, आणि जखम मात्र जिथल्या तिथे, तेवढीच ओली दिसली पाहिजे. हे काम कमी अवघड आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

तर मग ऐक. हातात काम असतानाच पुढचं शोधायला लाग. पगारातला ठरावीक भाग बाजूला काढ, आणि तो काढल्यावर उरेल त्यात भागव. जे करतेस त्याचे फोटो, तारखा, कुणाच्या हाताखाली केलंस ते वहीत लिहून ठेव. सुमनमावशीची रश्मी लेस्टरला नर्स आहे, तिला विचार की हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यासाठी खोट्या जखमा करून देणारं कुणी लागतं का. लागत असणार. हात खराखुरा आहे तुझा, त्याला खऱ्या दवाखान्यातही काम मिळेल. आणि नर्सिंगच्या कोर्सचं मी मागे म्हटलं होतं ते…

नाही, ते नको. पुन्हा व्याख्यान सुरू झालं. रागावू नकोस. विट्याच्या जमिनीचं झाल्यापासून माझ्या तोंडून हेच निघतं, दादालाही तेच ऐकवते.

एक मात्र तुला कधी बोलले नाही. 2020 मध्ये आमच्या कोरोना वॉर्डात मशीन पुरत नव्हत्या. कुणाला लावायचं आणि कुणाला थांब म्हणायचं, ते डॉक्टर ठरवायचे आणि नातेवाइकांच्या डोळ्यांना डोळे आम्ही द्यायचो. त्याच दिवसांत बातमी वाचली होती की 'हॉल्बी सिटी'वाल्यांनी सेटवरची व्हेंटिलेटर यंत्रं लंडनमध्ये कोरोनासाठी उभारलेल्या नाइटिंगेल हॉस्पिटलला देऊन टाकली. नाटकातली यंत्रं, पण चालणारी. तेव्हा तू कॉलेजात होतीस, तुझं हे काही ठरलेलंही नव्हतं. मी ती बातमी ड्यूटी रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली होती. तू त्या क्षेत्रात जाते म्हणालीस तेव्हा बाबा गप्प बसले आणि मी लगेच हो म्हटलं, आठवतं? त्यामागे हे होतं. तिथल्या खोट्यातही खऱ्याचा मान ठेवतात असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

आता तू विचारलेलं. आगीत सापडलेल्या बाईचा प्रसंग, तिसऱ्या दिवशीचा.

वरवर भाजलेलं लाल असतं आणि दुखतं. त्याहून खोल गेलं की फोड येतात. फोड फुटल्यावर खालची कातडी ओली, गुलाबी, आणि तिला वारा लागला तरी माणूस ओरडतो. सगळ्यात खोल भाजलेलं मात्र कोरडं, चामड्यासारखं, पांढुरकं नाहीतर काळपट तपकिरी. तिथे दुखत नाही, कारण दुखणं कळवणारंच जळून गेलेलं असतं. तेव्हा तुमच्या बाईला सांग, मध्यभागी हात लागला तर ओरडायचं नाही, काठाला लागला तर ओरडायचं. एकाच हातावर हे तिन्ही प्रकार असू दे, सगळीकडे एकच रंग फासू नका. चेहऱ्याला आच लागली असेल तर नाकातले केस जळलेले आणि तोंडात काजळी, ते पहिल्या दिवसाच्या प्रसंगात दाखवा. आम्ही आधी तेच बघायचो, कारण आत सूज आली की श्वास बंद व्हायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजून डोळे मिटलेले असू शकतात. नवऱ्यालाही चटकन ओळख पटत नाही.

आमच्याकडे अशा बायका यायच्या, "स्टोव्हचा भडका उडाला," एवढंच सांगायच्या. सासू उशाशी बसलेली असायची. मी सासूला औषध आणायला पाठवायचे आणि मग विचारायचे. तरी बहुतेक जणी तेच सांगायच्या. तुमच्या लेखकांना हे हवं असेल तर दे. ती बाई बोलताना कुणाकडे बघते, ते कॅमेऱ्याने जरूर टिपावं.

झालेल्या कामाचा फोटो पाठव, मी बघून सांगते. आणि नवं कॉन्ट्रॅक्ट कुठपर्यंत आहे ती तारीखही कळव. मी ती कॅलेंडरवर लिहून ठेवणार आहे, तुला आवडो न आवडो.

दादाला फोन कर. बाळाचं नाव अजून ठरत नाहीये, वहिनीच्या माहेरचं एक मत आणि आपलं एक. तुझ्या मनात काही असेल तर बुधवारच्या आत सांग, गुरुवारी बारसं आहे.

तुझी,
आई